सोडता येत नाही ती सक्तीच : विमा नियामकांना मिरजेतून खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण (आयआरडीएआय), हैदराबाद

स. न. वि. वि.

साहेब, मी मिरजेत झेरॉक्सचं दुकान चालवतो. मिरज तुम्हाला माहीत असेल नसेल, पण आमचं गाव दवाखान्यांचं गाव आहे, १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून जत, कवठेमहांकाळ, सांगोला, तिकडं कर्नाटकातून अथणी, चिकोडी, सगळीकडून पेशंट इथंच येतात. स्टेशनवरून रिक्षा धरली की रिक्षावाला कुठे जायचं विचारत नाही, कुठला दवाखाना एवढंच विचारतो. माझं दुकान अशाच दवाखान्यांच्या रस्त्यावर आहे आणि गेली बावीस वर्षं लोकांची क्लेमची कागदं माझ्या मशीनमधून जातायत. त्यामुळे विम्यावर बोलायचा मला थोडा हक्क आहे असं मी समजतो, एक पॉलिसीधारक म्हणून आणि एक रोज कागदं बघणारा म्हणून.

एक क्लेम म्हणजे किती कागद हे तुम्ही कधी हातात घेऊन बघितलंय का? क्लेम फॉर्मचा भाग अ, भाग ब, डिस्चार्ज कार्ड, फायनल बिल, त्या बिलाचा ब्रेकअप, मेडिकलची एकेक पावती, रिपोर्ट, एक्सरेची फिल्म, आधार, पॅन, कॅन्सल चेक. साधारण सत्तर ऐंशी पानं होतात. औषधाच्या पावत्या पातळ कागदावर असतात, त्या उन्हाने पांढऱ्या पडतात, मग मी मशीनचं डार्क वाढवून दोनदा तीनदा काढतो तेव्हा कुठे औषधाचं नाव दिसतं. माणूस समोर उभा असतो, हातात स्टीलचा डबा, डोळ्यात चार दिवसाची झोप, आणि मला विचारतो, "दादा, एवढं दिलं की पैसे मिळतील का हो?" मी काय सांगणार त्याला.

तुम्ही म्हणाल आम्ही सुधारणा केल्यात. केल्यात, मी नाही म्हणत नाही, मी वाचल्यात. २०२४ च्या एप्रिलपासून ६५ वर्षांच्या पुढच्यांनाही पॉलिसी मिळायचा रस्ता मोकळा केलात, जुन्या आजाराचा क्लेम मिळायची वेटिंग चार वर्षांवरून तीनवर आणली, मोरॅटोरियम, म्हणजे ज्या मुदतीनंतर माहिती लपवली म्हणून क्लेम अडवता येत नाही ती मुदत, आठ वर्षांची पाच केली. २९ मे २०२४ चं तुमचं मास्टर सर्क्युलर तर मी स्वतः प्रिंट मारून ठेवलंय दुकानात, त्यात लिहिलंय की कॅशलेसचा निर्णय एका तासात, हॉस्पिटलकडून डिस्चार्जची रिक्वेस्ट आली की तीन तासाच्या आत फायनल अप्रूव्हल, आणि उशीर झाला आणि हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते कंपनीने आपल्या शेअरहोल्डरच्या पैशातून भरायचे. कागदं पण पेशंटने नाही, कंपनीने हॉस्पिटलकडून मागवायची. वाचून मला खरंच बरं वाटलं होतं, बायकोला वाचून दाखवलं होतं मी ते.

आता बायकोचंच सांगतो. गेल्या वर्षी मार्चमधे तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून, खडे होते. ऑपरेशन छान झालं, डॉक्टर चांगले, नर्सेस चांगल्या, तक्रार नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला राउंडला डॉक्टरांनी घरी जायला सांगितलं. १२ वाजून १० मिनिटांनी बिल कंपनीकडे गेलं, ही वेळ मी टीपीए डेस्कवरच्या, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या टेबलावरच्या, पोराकडून लिहून घेतली होती. तीन तास म्हणजे सव्वातीनला सुटायला पाहिजे. २.४० ला क्वेरी आली की खडे किती वर्षांपासून आहेत याचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट द्या. डॉक्टर ओटीत होते, बाहेर येऊन त्यांनी लिहून दिलं, साडेतीनला अपलोड झालं. सहाला दुसरी क्वेरी, पहिल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट. तो पण दिला. फायनल अप्रूव्हल आलं रात्री ९.२० ला. बायको सकाळपासून साडी नेसून, केस विंचरून, पिशवी भरून कॉटच्या कडेला बसलेली, झोपता येईना कारण सलाईनची सुई काढलेली आणि बेड दुसऱ्या पेशंटला द्यायचा होता, बसता येईना कारण टाके ओढत होते. अर्ध्या दिवसाचे जादा २२५० रुपये आणि पॉलिसीत न बसणारे हातमोजे, कॉटन वगैरेचे ७३४० रुपये भरून मी तिला रिक्षात घातलं.

मी त्या पोराला तुमचं सर्क्युलर दाखवलं होतं, पिवळ्या पेनाने तीन तासाची ओळ खूण करून. तो म्हणाला, "काका, तुमचं बरोबर आहे, पण क्वेरी आली की घड्याळ परत शून्यापासून सुरू होतंय." त्याचा काही दोष नाही, बारा तास उभा असतो तो पोरगा आणि दिवसभर सगळ्यांच्या शिव्या खातो. पण मला विचारायचंय ते तुम्हाला. आमची पॉलिसी नोव्हेंबर २००८ पासून एकही वर्ष खंड न पडता चालू आहे. तुमचाच नियम सांगतो की पाच वर्षं झाल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनीने माहिती लपवली म्हणून अडवायचं नाही. मग सोळा वर्षं झालेल्या पॉलिसीवर खडे कधीपासून आहेत हा प्रश्न आलाच कशाला? त्या प्रश्नाचं उत्तर काहीही असलं तरी क्लेम द्यायचाच होता. प्रश्न घड्याळ थांबवायला विचारला असं मला वाटतं, आणि तुमच्याकडे हे तपासायला सगळं आहे, कारण बिल कधी गेलं, क्वेरी कधी आली, अप्रूव्हल कधी आलं हे मिनिटामिनिटाचं पोर्टलवर असतं. २२५० साठी मी ईमेल केला तर पॉलिसीच्या अटींनुसार देय नाही अशी एक ओळ आली. विमा लोकपालाकडे जाता येतं हे मला माहितीय, फुकट असतं, वकील लागत नाही, आधी कंपनीला लिहून महिनाभर थांबायचं. पण २२५० साठी दुकान बंद ठेवून माणूस किती वेळा जाईल? हे कंपनीला माहीत असतं हो.

पण साहेब, मी पत्र लिहायला बसलो ते या २२५० साठी नाही. खरं दुखणं हप्त्याचं आहे आणि त्यात अडकून पडल्याचं आहे.

आपल्या देशात खाजगी आरोग्य विमा सक्तीचा नाही असं कायदा सांगतो. बरोबर आहे. पण आमच्या रस्त्यावरच्या कुठल्याही खाजगी दवाखान्यात जा, काउंटरवर पहिला प्रश्न काय होतंय हा नसतो, मेडिक्लेम आहे का हा असतो. नाही म्हटलं की डिपॉझिट किती ते सांगतात. सरकारी हॉस्पिटल मिरजेत आहे, मेडिकल कॉलेजचं, मोठं आहे, तिथले डॉक्टर जीव तोडून काम करतात, पण गर्दी बघितली की माणूस घाबरतो. महात्मा फुले योजना आता सगळ्यांना आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंत, ही चांगलीच गोष्ट आहे, किती गरीब माणसं त्यावर वाचलेली मी बघितलीत. पण यादीत आपला आजार बसला पाहिजे, योजनेतलं हॉस्पिटल पाहिजे, आणि तिथं बेड पाहिजे. या तिन्हीत कुठेतरी अडलं की मग माणूस पॉलिसीकडेच येतो. म्हणून आमच्यासारखे दुकानदार, ज्यांना ना ऑफिसचा ग्रुप विमा ना पेन्शन, दिवाळीचे कपडे न घेता आधी हप्ता भरतात. याला ऐच्छिक म्हणायचं असेल तर म्हणा.

आणि एकदा आत आलं की बाहेर जाता येत नाही. २०१९ ला मला स्टेंट पडला. त्या वेळी कंपनीने १ लाख ८० हजार दिले, काही कटकट केली नाही, ते मी विसरलो नाही. पण त्या दिवसापासून मी त्या कंपनीचा कायमचा झालो. हप्ता फार वाढला म्हणून मी दोन वर्षांपूर्वी पोर्ट करायला, म्हणजे जुनी पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे न्यायला, गेलो, नियमाप्रमाणे मुदत संपायच्या ४५ दिवस आधी अर्ज, सगळी जुनी कागदं, शुगर, ईसीजी, टूडी इको, सगळ्या टेस्ट. आठ दिवसांनी दोन ओळींचा नकार आला. पोर्टेबिलिटी हा पॉलिसीधारकाचा हक्क आहे असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण समोरच्या कंपनीने घ्यायचंच असं कुठे नाही. म्हणजे मला दार उघडून बाहेर पडायचा हक्क आहे, पण दुसऱ्या कुणी दार उघडायचं का नाही हे त्यांच्या मर्जीवर. निरोगी होतो तेव्हा कुठेही जाऊ शकलो असतो, तेव्हा गरज नव्हती. आजारी पडलो, आता गरज आहे तर जागा नाही. सोडली पॉलिसी तर या वयात स्टेंट आणि शुगर घेऊन मला दारात कोण उभं करणार? जी गोष्ट सोडता येत नाही आणि जिचा भाव समोरचा एकटाच ठरवतो, ती सक्तीच झाली की.

हिशोब मांडतो, माझाच. नोव्हेंबर २०२३ ला दोघांचा मिळून ५ लाखाचा हप्ता आला २९,४०० रुपये, जीएसटी धरून. नोव्हेंबर २०२४ ला मी साठीचा झालो, वयाचा टप्पा बदलला आणि हप्ता आला ४१,८००. एका वर्षात ४२ टक्के. पुढे दोन महिन्यांनी, ३० जानेवारी २०२५ ला, तुम्ही सर्क्युलर काढलंत की ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर आधी तुमच्याशी बोलायचं. चांगलं केलंत. पण माझा पाया आधीच उंच करून झाला होता, आता १० टक्के वाढणार ते त्या उंच पायावर. आणि ५६, ५८, ५९ वर्षांच्या माणसाला तर ही १० टक्क्यांची छत्री पण नाही, तिथं हवं तेवढं वाढवून ठेवायला मोकळं रान आहे.

मग सप्टेंबर २०२५ ला जीएसटी गेला, २२ तारखेपासून वैयक्तिक पॉलिसीवर शून्य. पेपरात वाचून आमच्या गल्लीत लोक खूश झाले, मी पण झालो. ४१,८०० मधे मूळ हप्ता ३५,४२४ आणि जीएसटी ६,३७६ होता. म्हणजे मला वाटलं हप्ता साडेपस्तीस हजाराच्या आत येईल. नोव्हेंबरला आला ३८,९५०. खोटं बोलणार नाही, गेल्या वर्षीपेक्षा २,८५० ने कमी आला. पण सरकारने सोडलेल्या ६,३७६ पैकी ३,५२६ कंपनीने मूळ हप्ता वाढवून घेतले, निम्म्यापेक्षा जास्त, आणि १० टक्क्यांच्या आतच असल्यामुळे कुणाला विचारायची पण गरज नाही. हे दरवर्षी १० टक्क्यांनी असंच चाललं तर मी ७१ वर्षांचा होईन तेव्हा हप्ता एक लाखाच्या वर गेलेला असेल. झेरॉक्स दोन रुपयाला एक आहे. पन्नास हजार प्रती काढल्या तर एक लाख गल्ला होतो, त्यातून कागद, टोनर, लाईट, भाडं वजा करायचं, ते मी सांगत बसत नाही.

माझा भाचा न्यू जर्सीत एडिसनला असतो. तिकडे २०१० साली ओबामांच्या काळात कायदा झाला आणि २०१४ पासून प्रत्येकाला विमा सक्तीचा झाला, नाही घेतला तर दंड. लोक भयंकर चिडले होते, सरकार कोण आम्हाला खाजगी कंपनीचा माल घ्यायला लावणारं म्हणून, सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, २०१२ ला कोर्टाने तो दंड कर म्हणून कायम ठेवला. पुढे २०१९ पासून केंद्राचा दंड शून्यावर आला, पण न्यू जर्सीने आपल्या राज्यापुरता ठेवलाय. भाचा पण हप्त्यावरून वैतागलेला असतो, तिकडे सगळं आलबेल आहे असं मला म्हणायचं नाही. पण त्याने एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यातून जात नाही. तिथं माणसावर सक्ती केली तेव्हा कंपनीवर पण केली. जुना आजार आहे म्हणून नाही म्हणायचं नाही, आजार आहे म्हणून जास्त हप्ता लावायचा नाही. वयस्कर माणसाचा हप्ता तरुण माणसाच्या तिपटीपेक्षा जास्त ठेवायचा नाही. आणि वैयक्तिक पॉलिसीत गोळा केलेल्या १०० रुपयातले ८० उपचारावर आणि त्याच्या दर्जावर खर्च झालेच पाहिजेत, नाही झाले तर उरलेले लोकांना परत. आमच्याकडे सक्तीचा कायदा नाही म्हणून कंपनीवरची ही बंधनं पण नाहीत. दंड नाही, पण सुटका पण नाही.

१०० तल्या ८० वरून आठवलं. तुमच्याच वार्षिक अहवालातला २०२३-२४ चा आकडा आहे, फक्त आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्यांचं क्लेमचं प्रमाण, म्हणजे हप्त्यातले जेवढे क्लेमवर जातात ते, ६५ टक्क्यांच्या आसपास. सरकारी कंपन्यांचं शंभराच्या वर. मला माहितीय, सरकारी कंपन्यांकडे ग्रुप पॉलिस्या जास्त आणि तिथं हप्ते कमी ठेवलेले असतात, त्यामुळे सरळ तुलना होत नाही. तरी पण आमच्या शंभरातले पस्तीस जातात कुठे? तर अशा कंपन्यांना हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत व्यवस्थापन खर्च करायची मुभा २०२३ च्या नियमात तुम्हीच दिलीत, त्यात एजंटचं कमिशन आलं, जाहिराती आल्या. दर आयपीएलला ज्या जाहिराती दिसतात त्यात माझ्या बायकोचे हातमोजे पण आहेत असं मला वाटतं.

हॉस्पिटलची बिलं वाढतात म्हणून हप्ते वाढतात असं कंपन्या म्हणतात. ते पण खोटं नाही. मी बिलं रोज बघतो, वाढलीत. आणि हॉस्पिटलवर तुमचा अधिकार नाही, तो राज्य सरकारचा, हे पण मला कळतं. महाराष्ट्रात अजून १९४९ चाच नर्सिंग होम नोंदणी कायदा चालतो, २०२१ ला नियमात रेट कार्ड लावायचं आलं, पण किती दवाखान्यात ते पेशंटला वाचता येईल असं लावलंय? मी माझ्या रस्त्यावर शोधतो तेव्हा गणपतीच्या फोटोमागे सापडतं. करायचं म्हटलं तर करता येतं साहेब. फेब्रुवारी २०१७ ला केंद्राने औषध लावलेल्या स्टेंटची किंमत २९,६०० वर आणून ठेवली, आधी लाखाच्या वर लावायचे, एका आदेशात झालं ते. माझा स्टेंट त्या आदेशानंतरचाच आहे. तुम्ही जानेवारीच्या त्याच सर्क्युलरमधे कंपन्यांना सांगितलंय की सगळ्यांनी मिळून हॉस्पिटलशी पॅकेजचे दर ठरवा, केंद्राच्या आयुष्मान योजनेसारखे. वर्ष होऊन गेलं, आमच्या मिरजेत त्याचा मागमूस नाही.

अजून एक सांगतो मग थांबतो. मागच्या महिन्यात जतकडचा एक शेतकरी आला, वडिलांच्या हाडाचं ऑपरेशन. पॉलिसी ३ लाखाची, रूमची मर्यादा १ टक्का म्हणजे दिवसाला ३०००. जनरल वॉर्ड भरला होता म्हणून ५००० ची रूम घेतली, दोन हजाराचा फरक आपण भरू असं त्याला वाटलं. कंपनीने सर्जनची फी ४०,००० ची २४,००० मंजूर केली. रूम मर्यादेच्या ज्या प्रमाणात, त्याच प्रमाणात डॉक्टरची फी, ओटीची फी, सगळंच कापलं. तो मला विचारत होता की रूम महाग होती, डॉक्टर तर तेच होते ना? पॉलिसी इंग्रजीत, अठ्ठावीस पानं. मी त्याला सांगितलं की माहितीपत्रक मागितलं तर मराठीतून द्यायचं असा तुमचा नियम आहे. त्याने एजंटला तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. एजंट म्हणाला, "असं काय नसतंय ओ पाव्हणं." मी पण माझ्या कंपनीकडे मराठीतलं मागितलंय, लेखी, चार महिने झाले.

तर माझं मागणं असं आहे. ज्या माणसाची पॉलिसी दहा वर्षं सलग चालू आहे त्याला पोर्ट करताना कुठल्याही कंपनीला नाही म्हणता येऊ नये, आणि आजारावरून हप्ता पण वाढवता येऊ नये. हे केलंत ना, तर हप्ता आपोआप ताळ्यावर येईल, कारण माणूस सोडून जाऊ शकतो ही भीती कंपनीला राहील, आज ती नाही. १० टक्क्यांची मर्यादा साठीला नाही, पन्नाशीला सुरू करा, आणि वयाचा टप्पा बदलला म्हणून होणारी वाढ त्यातच धरा. उशिराचे पैसे पॉलिसीधारकाने मागायची वाट बघू नका, पोर्टलवरच्या वेळा बघून कंपनीच्या खात्यातून थेट आमच्या खात्यात येऊ दे, कॅन्सल चेक तर आम्ही आधीच दिलेला असतो. आणि एका क्लेमला एकदाच क्वेरी, जे विचारायचं ते सगळं एकदम.

२०४७ पर्यंत सर्वांना विमा असं तुमचं ध्येय आहे, मी वाचलंय. २०४७ ला मी ८३ चा असेन. तोपर्यंत माझ्यासारख्या आधीच आत असलेल्या लोकांचं काय करायचं तेवढं सांगा.

हे पत्र मी स्पीड पोस्टाने पाठवतोय, सोबत माझ्या तीन वर्षांच्या हप्त्याच्या पावत्या, २०२४ च्या सर्क्युलरचं ते पिवळ्या खुणेचं पान आणि डिस्चार्जच्या दिवशीच्या वेळा लिहिलेला कागद जोडलाय. एक प्रत मुंबईला आरोग्य विभागाला पण देतोय, रेट कार्डासाठी. तुमचं उत्तर आलं तर ते मी मराठीत करून दुकानाच्या काचेवर लावणार आहे, क्लेमची कागदं घेऊन येणाऱ्यांना उभ्या उभ्या वाचता येईल असं, मोठ्या अक्षरात. माझा पुढचा हप्ता नोव्हेंबरला आहे.

आपला,
मिरजेतला एक झेरॉक्सवाला
पॉलिसीधारक, नोव्हेंबर २००८ पासून